खाडीतून काढलेला डबा

१

बॅलिनाशीला गाडी सकाळी भरून यायची आणि दुपारी भरून जायची. मधल्या वेळात ती होनोरा मॅकगोल्ड्रिकची असायची. इंजिन पाणी भरायला टाकीखाली जाई, डबे मागच्या रुळावर ढकलले जात, आणि होनोरा बादली, चिंध्या आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन एकेका डब्यात शिरे. जोडीला डीलिया टूही नावाची बाई असे. वयाने मोठी, गुडघ्यांनी अधू, जिभेने तिखट. डीलियाने बाहेरून पुसायचं, होनोराने आतून, अशी त्यांची वाटणी होती.

कामाचा क्रम ठरलेला. आधी वापरलेली ओलसर चहापत्ती जमिनीवर पसरायची, म्हणजे झाडताना धूळ उडत नाही. मग बाकं, मग पितळ. काचा सगळ्यात शेवटी.

जुलैचा महिना होता. आयर्लंडच्या त्या पश्चिम किनाऱ्याला क्वचित मिळतं तसं कोरडं, लख्ख ऊन पडलं होतं. होनोरा शेवटच्या डब्यात, शेवटच्या खणातली काच व्हिनेगर लावून कागदाने घासत होती. काच चकचकीत झाली. पलीकडे डीलियाचा घामेजलेला चेहरा दिसला. होनोरा बादली उचलायला वळली, आणि परत बघते तो काचेवर बशीएवढा धूसर डाग.

तिने तो पुसला. बोटाला दमट लागलं. म्हणजे डाग आतल्या बाजूने होता.

तो पुन्हा आला. या वेळी ती बघत राहिली. डाग कडेकडेने आक्रसला, जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग परत पसरला. पुन्हा आक्रसला. पुन्हा पसरला. गारठ्यात काचेला तोंड लावून कुणी उभं राहिलं की काच जशी होते, तशी.

होनोराने आपला श्वास रोखून धरला. डाग आपल्या लयीत चालूच होता.

२

त्या डब्याला स्टेशनात सगळे ‘नवा डबा’ म्हणत. तो नवा नव्हता, आणि हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल समुद्रावर निघाली होती. खाडीच्या बांधावर शेवटचा डबा रुळावरून उतरला, जोडणी तुटली, आणि तो घसरत जाऊन खालच्या चिखलात उभाच्या उभा रुतला. आपटून कुणी मेलं नाही. मुलं रडत होती, मोठी माणसं त्यांना गप्प करत होती, हे सगळं बांधावर ऐकू येत होतं. फक्त दारं उघडत नव्हती. खिडक्यांना पितळी गज होते. आणि भरती सुरू झाली होती.

होनोरा धावत पोहोचली तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलं होतं. तिची थोरली बहीण विनिफ्रेड, गावची मास्तरीण, त्या डब्यात होती. होनोराने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून दाराची मूठ ओढली. नखं निघाली, मूठ हलली नाही. काच तोवर आतून पांढरी झाली होती. कुणीतरी कुऱ्हाड आणून छत फोडलं, पण त्याला उशीर झाला होता.

चौकशी झाली ती तालुक्याच्या न्यायालयात. गार्ड फेलिम क्विग्ली याने बायबलवर हात ठेवून सांगितलं, की दारांना कुलूप नव्हतं; डबा पिळवटल्यामुळे ती अडकली असतील. होनोराने सांगितलं, की दारं अडकली नव्हती, कुलूपबंद होती. अडकलेलं दार निदान डुगडुगतं.

“आत कोण कोण होतं, चेहरे दिसले का तुम्हाला?” कंपनीच्या वकिलाने विचारलं.

“नाही. काच धूसर झाली होती.”

“म्हणजे तुम्हाला काही दिसलं नाही.”

“आत माणसं जिवंत होती, श्वास घेत होती, म्हणून काच धूसर झाली होती, साहेब.”

“पण तुम्हाला दिसलं काही नाही. धन्यवाद.”

एवढ्यावर तिची साक्ष संपली. अपघात दैवाधीन ठरला. पुढच्या वसंतात कंपनीने डबा चिखलातून ओढून काढला, धुतला, वाळवला, रंगवला आणि पुन्हा गाडीला जोडला. ओकचं लाकूड चांगलं असतं, टाकून कसं द्यायचं? लोक थोडे दिवस कुजबुजले. काहींनी छातीवर क्रूस केला. मग बाजारच्या दिवशी जागा मिळेना, तेव्हा कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन त्याच डब्यात बसू लागले.

होनोराला राग कंपनीचा होताच. पण त्या कोंबड्यांच्या टोपल्यांचा जास्त होता.

आणि तरी तोच डबा ती रोज झाडत होती. बहीण गेल्यावर घरात दुसरी कमाई नव्हती, आणि बॅलिनाशीत बायकांना मिळेल असं दुसरं काम नव्हतं. तोंडावर नाही, पण पाठीमागे लोक म्हणत, “बघा, बहिणीचं थडगं पुसायचा पगार घेते.” त्यात खोटं काय होतं? तिच्या अंगाचा तिळपापड होई तो यामुळेच.

३

धुक्याच्या त्या डागाला तिने आधी सरळ कारणं शोधली. व्हिनेगर जास्त झालं असेल. पाणी कोमट असेल, त्याची वाफ धरली असेल. लाकूड खाडीचं पाणी प्यालंय, ते उन्हात सुटत असेल. हे तिसरं कारण तिला पटलं. तिने काचा कोरड्या फडक्याने पुसल्या, बादली आत नेलीच नाही, ऊन चांगलं तापेपर्यंत थांबली.

डाग आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खणातल्या काचेवरही आला. तो बराच खाली होता, मुलाच्या उंचीवर.

मग पट्ट्यांचं सुरू झालं. त्या डब्यांना खिडकी वरखाली करायला कातडी पट्टा असे. ओढला की काच वर, सोडला की खाली. गाडी रिकामी झाल्यापासून कुणी न शिवलेला पट्टा होनोराच्या हाताला गरम लागला. गरम आणि ओला. मुठीत बराच वेळ आवळून धरल्यावर व्हावा तसा. तिने हात झटकला आणि एप्रनला पुसला. मग स्वतःचाच राग आला, की पुसला का.

“डीलियाबाई,” ती खिडकीतून म्हणाली, “जरा आत या.”

“माझे गुडघे चढत नाहीत.”

“काल मालडब्यात चढलात की.”

डीलिया बाहेरून काच पुसत राहिली. तिचं फडकं गोल गोल फिरत होतं आणि नजर फडक्यावरून हलत नव्हती.

“तुम्हाला दिसतंय ना?” होनोराने विचारलं.

“पोरी, मला बाहेरची बाजू दिलेली आहे. मी बाहेरची बाजू बघते.”

“कधीपासून दिसतंय?”

डीलियाने फडकं बादलीत पिळलं. “डबा आला त्या दिवसापासून,” ती म्हणाली. “तुला इतके दिवस दिसलं नाही, त्याचंच मला नवल वाटायचं. म्हटलं, देवाने हिला तेवढं तरी सोडलंय. आता गप्प काम कर आणि घरी जाऊन जपमाळ ओढ.”

“आणि विनी?”

“विनीसाठीच ओढ, म्हणते मी.”

होनोरा बाकावर टेकली. डाग तिच्या कानाशी होता. ती तशीच बसून राहिली, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की डब्यात चिखलाचा वास येतोय. ओहोटीच्या वेळी खाडीला असतो तो नव्हे. भरतीच्या वेळी पाणी आत शिरताना जो ढवळून वर येतो, तो.

४

ऑगस्टच्या मध्यावर मेरीमातेचा सण असतो. त्या दिवशी अख्खं गाव समुद्रावर जातं. अपघातानंतर दोन वर्षं कुणी गेलं नव्हतं. या वर्षी कंपनीने सणाची खास गाडी सोडायची ठरवली, आणि तिला नवा डबाही लागणार होता. फलाटावर तसा कागद चिकटला. खाली लिहिलं होतं, की तिकीट नसलेले लोक वाटेत चढतात, म्हणून दारांना आधीच कुलूप लावण्यात येईल, फलाटावर तिकीट पाहून ते उघडण्यात येईल आणि सुटताना पुन्हा लावण्यात येईल.

होनोरा तडक स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेली. नेस्बिट साहेब नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. गावाबाहेरचा. अपघातानंतर बदलून आलेला.

“दारांना कुलूप लावणार?” तिने विचारलं.

“बाई, आधी दार वाजवायचं असतं.”

“त्याच डब्याच्या दारांना? त्याच खाडीवरून?”

“नियम सगळ्या डब्यांना सारखा आहे.” नेस्बिट साहेबाने टाक खाली ठेवला. “तुमच्या बहिणीबद्दल मला वाईट वाटतं. पण चौकशीत सिद्ध झालंय, की त्या दिवशी कुलूप नव्हतं.”

“मग आता लावताय ते पहिल्यांदाच लावताय का?”

त्याने टाक पुन्हा उचलला. मग किंचित हसून म्हणाला, “तिकिटं न काढता फिरणारी माणसं तुमचीच आहेत, माझी नाहीत. ती प्रामाणिक असती तर कुलुपं लागली नसती.”

“त्या डब्यात कुणीतरी आहे, साहेब.” हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. “काचा आतून धूसर होतात. चला, दाखवते.”

“नको,” तो म्हणाला. जरा जास्तच लगेच म्हणाला. “श्वास घेण्याविरुद्ध कंपनीचा नियम नाही. काम जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या बायका रांगेत आहेत.”

बाहेर फलाटावर फेलिम क्विग्ली बाकावर बसून पाइप भरत होता. पूर्वी तो भरलेल्या प्रत्येक डब्याजवळून गाणं गुणगुणत जायचा. आता त्याच्या कानात कापसाचे बोळे असत. थंडीने कान दुखतात, असं तो म्हणे. भर उन्हाळ्यातही म्हणे.

“फेलिम,” होनोरा त्याच्यासमोर उभी राहिली. तो ऐकू न आल्यासारखा बसला, तेव्हा तिने त्याचा पाइप काढून घेतला. “परवा तूच लावणार ना कुलुपं?”

“हुकूम आहे.”

“तेव्हाही हुकूमच होता?”

“मी शपथेवर एकदा बोललोय. दुसऱ्यांदा बोलणार नाही.”

“आत कुणी हाक मारली तर?”

फेलिमने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. “हाक मारतात,” तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. “आपण वळायचं नाही.” आणि त्याने पाइप परत मागायला हात पुढे केला.

५

सणाच्या दिवशी ऊन इतकं स्वच्छ होतं, की खाडीपलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या दिसत होत्या. चर्चमधली मिसा, सणाची प्रार्थना, आटोपून लोक फलाटावर जमत होते. पावाच्या टोपल्या, ताकाच्या बरण्या, रंगीत फिती बांधलेल्या मुली. मागच्या रुळावर उभ्या गाडीवर होनोरा शेवटचा हात फिरवत होती. इंजिनाची काजळी वाऱ्याने आत येऊ लागली, म्हणून तिने नव्या डब्याचं दार ओढून घेतलं.

ती वाकून बाकाखाली झाडत होती. बाहेर चौकोनी चावी फिरल्याचा आवाज झाला. मग पुढच्या दाराला. मग त्याच्या पुढच्या.

होनोरा उठली. आतून दाराला मूठ नव्हती. त्या काळी नसायचीच, खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडावं लागे. तिने पट्टा सोडला, काच खाली पडली, आणि हात गजांना अडला. गजांमधून तिला फेलिमची पाठ दिसली.

“फेलिम,” ती म्हणाली. “मी आत आहे. होनोरा.”

तो पुढच्या दाराशी गेला.

“फेलिम. अरे, मी आहे. जिवंत आहे मी.”

त्याची मान खांद्यांत रुतली, पावलं झपाझप पडू लागली. तो वळला नाही. तो कुणाच्याही हाकेला वळत नव्हता, आणि का ते त्यानेच तिला सांगितलं होतं. संतापाने ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. लाकूड जाड होतं. चांगलं ओकचं होतं.

मग तिने बडवणं थांबवलं, कारण दुसरं कुणीतरी बडवत होतं.

फार जोरात नव्हे. दमलेल्या हातांनी, थांबून थांबून. पलीकडच्या खणात. त्याच्याही पलीकडे. तिच्या समोरची काच कडेपासून पांढरी होत गेली, मग तिच्या पुढची, मग सगळ्या, आणि डब्यातला उजेड दुधाळ झाला. हवा जड होती. कितीही आत ओढली तरी पुरत नव्हती. खिडकी उघडी आहे, तिने स्वतःला सांगितलं. बाहेर वारा आहे. तू वाऱ्यात उभी आहेस. तरी पुरत नव्हती.

तिसऱ्या वर्गाच्या त्या डब्यात खणांमधल्या भिंती खांद्याएवढ्याच होत्या. पलीकडे पाहायचं नाही असं ठरवून तिने पाहिलं.

बाकांवर माणसं उभी होती. दाटीवाटीने, एकमेकांना धरून. लहानांना वर उचललेलं होतं. चेहरे तिला दिसले नाहीत, कारण सगळ्यांची तोंडं छताकडे होती, अगदी छताला टेकलेली. दिसल्या त्या फक्त हनुवट्या आणि ताणलेले गळे. भर उन्हात, गळ्यांच्या ओळीच्या ओळी. त्यातला एक गळा ओळखता आला असता. होनोराने डोळे मिटून घेतले.

डब्याला हिसका बसला. इंजिन जोडलं गेलं होतं. गाडी फलाटाकडे निघाली.

६

फलाटावर काय झालं ते डीलियाने नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तसंच सांगितलं. गाडी आली, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि नवा डबा समोर आला तसा एकेक वाजवणारा थांबत गेला. सगळ्या काचा पांढऱ्या होत्या. आणि आतून त्या कुणीतरी पुसत होतं. तळव्यांनी. एका खिडकीत मोठे तळवे, एका खिडकीत लहान, सगळ्या खिडक्यांत एकाच वेळी.

कुणी किंचाळलं नाही. कुणी पळालंही नाही.

“किल्ली दे,” डीलिया फेलिमला म्हणाली.

फेलिमच्या हातून किल्ली खाली पडली. डीलिया त्याच गुडघ्यांवर खाली बसली, किल्ली उचलली आणि पहिलं दार उघडलं. होनोरा बाहेर आली. तिचे कपडे कोरडे होते. ती दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “सगळी उघडा. पलीकडची पण.”

“वेळ झाली आहे,” नेस्बिट साहेब मागून म्हणाला. “बाई अडकली होती, सुटली. आता सगळ्यांनी बसून घ्या.”

कुणी बसलं नाही. कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन बसणारे तेच लोक होते. डीलिया दारामागून दार उघडत गेली. आत रिकामी बाकं होती, झाडलेली जमीन होती, ऊन होतं. लोक आत बघत राहिले. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा मेंढपाळ एक पाऊल मागे सरला आणि त्याने टोपी काढली. त्याच्यामागचे सरले. बायकांनी मुलांना स्कर्टशी ओढून घेतलं. बघता बघता प्रत्येक दारासमोर वाट मोकळी झाली. गाडी आल्यावर उतरणाऱ्यांना देतात तशी.

आणि डबा वर उठला.

सावकाश, किंचित, स्प्रिंगा कुरकुरत. भरलेला डबा रिकामा होऊ लागला की चाकांवर जसा हलका होत जातो, तसा. पायरी फलाटाच्या कडेपेक्षा खाली होती ती कडेला आली, मग कडेच्या वर आली. त्याला पुष्कळ वेळ लागला. लहान पावलांना पायऱ्या उतरायला लागतो तेवढा. इंजिन ड्रायव्हरने पाहिलं. नेस्बिट साहेबाने पाहिलं. हातातला झेंडा त्याने पाठीमागे नेला, तो तसाच राहिला.

होनोरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

“चला, साहेब,” ती म्हणाली. “तपासा यांची तिकिटं.”

त्याने पाठीमागचा झेंडा गुंडाळला.

त्या दिवशी गाडी सुटली नाही. बँडवाल्यांनी वाद्यं पिशव्यांत घातली आणि लोक गावाकडे निघाले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळे रस्त्याच्या दोन्ही कडांनी चालत होते, काट्यांच्या कुंपणाला घासून, टोपल्या डोक्यावर घेऊन. आणि मधला रस्ता रिकामा होता. वाटेत एकेका घरापाशी एकेक कुटुंब कडेला थांबे, दार उघडून देई, आणि जरा वेळ बाहेरच उभं राही.

होनोराचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गावाच्या टोकाला होतं. तिथे पोहोचेपर्यंत तिच्याबरोबर चालणारं कुणी उरलं नव्हतं. तिने मागे पाहिलं नाही. कडी काढली, दार आत लोटलं, आणि उंबऱ्याबाहेर बाजूला होऊन उभी राहिली.

“चल,” ती म्हणाली. “आधी तू.”